बाटलीवर लिहिलं होतं, तीन वेळा

शालिक,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो. तू रसायनशास्त्राचा चांगला शिक्षक होतास, पोरांवर तुझा जीव होता, असं काहीबाही बोललो आणि खाली बसलो. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत सुशीला वहिनी बसल्या होत्या. दुःखामुळे मी इतक्यात खाली बसलो असं त्यांना वाटलं असेल. दुःख होतंच, पण त्यात भीती जास्त होती. जे तुझ्या तोंडावर पंधरा वर्षं बोलता आलं नाही, ते तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर बोलायची हिंमत मी कुठून आणणार होतो?

तू गेलास त्याला आता महिना होईल. रोज कॉलेजात जातो, तास घेतो, घरी येतो. काही करावंसं वाटत नाही आणि केल्याशिवाय राहवतही नाही, अशी गत आहे. म्हणून हे लिहून टाकतो. तू वाचणार नाहीस याचंच थोडं बळ वाटतं, इतका मी भित्रा.

कार्यक्रम आटोपल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तुझ्या कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी एक कापडी पिशवी काढली. आत जाड काचेची तपकिरी बाटली होती. "भाऊजी, याच्यावर तुमचंच अक्षर दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या कामाची असन तं घेऊन जा. हे कोनाले हात लावू देत नव्हते." चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर माझंच होतं. सोडियम लॉरिल सल्फेट. शुद्ध, तीन वेळा.

मी ती पिशवी घेतली आणि हुडकेश्वरहून घरी येईपर्यंत सायकलच्या दांडीला ती सारखी आपटू नये म्हणून एका हातानं धरून ठेवली. स्कूटर दुरुस्तीला होती. चाळिशीला टेकलेला माणूस एका हातानं सायकल चालवतो हे पाहून लोक हसले असतील. हसू देत.

तुला आठवतं का, आपण त्या पांढऱ्या भुकटीला नुसतं 'साबण' म्हणायचो. सर चिडायचे. "साबण नव्हे तो, नीट नाव घ्या." एमएस्सी होऊन आपण दोघं एकदमच सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो होतो. एकच टेबल, एकच तराजू, आणि वीज मोजायचं एकच यंत्र, तो ब्रिज, ज्याच्या दिव्याचा हिरवा डोळा काटा बरोबर जागेवर आला की सताड उघडायचा. तू त्याला नवरदेव म्हणायचास, कारण मर्जी सांभाळली नाही की तो डोळा मिटून बसायचा.

काम तसं सोपं होतं. पाण्यात साबण थोडा थोडा वाढवत जायचा आणि पाणी वीज किती वाहून नेतं ते मोजत जायचं. कागदावर ठिपके मांडले की सरळ रेघ चढत जाते आणि एका जागी वाकते. ती वाकण्याची जागा आपल्याला हवी असायची. तिथपर्यंत साबणाचे कण सुटे फिरतात, तिथून पुढे घोळका करू लागतात. त्या घोळक्याला मायसेल म्हणतात. हे मला सरांनी तीन तास सांगितलं होतं, आणि तू एका मिनिटात सांगितलंस.

"हे पाय मधू," तू म्हणालास, "याचं डोकं पान्याले लाडकं अन् शेपटी पान्याले भेते. एकटा असला तं कसातरी निभावते. जास्त झाले का मंग रानात सापडलेल्या मानसासारखे पाठीले पाठ लावून बसते. शेपट्या अंदर, डोके बाहेर. झालं तुझं मायसेल."

माझ्याकडे अल्कोहोलचं काम होतं आणि तुझ्याकडे तापमानाचं. पाण्यात थोडं ब्युटेनॉल घातलं की घोळका लवकर जमतो, कमी साबणातच रेघ वाकते, हे माझ्या वाट्याचं. त्यावरही तुझं म्हणणं तयारच होतं. ती सगळी डोकी एकाच जातीच्या विजेची, म्हणून एकमेकांना ढकलतात. मध्ये अल्कोहोलचा कण येऊन बसला की भांडणाऱ्या भावांमध्ये पाहुणा बसल्यासारखं होतं, दोघंही गुमान राहतात. मेथेनॉल भरपूर ओतलं तर मात्र पाणीच इतकं मवाळ होतं की घोळक्याची गरजच उरत नाही आणि सगळं उलटं फिरतं. माझ्या प्रबंधात हे दोन प्रकरणं भरून लिहिलं आहे. तुझ्यासारखं एकदाही लिहिता आलं नाही.

तुझं तापमानाचं काम म्हणजे नागपुरात बसून हवामानाशी घेतलेलं भांडण होतं. मे महिन्यात नळाचं पाणीच अंघोळीला ऊन लागायचं, आणि तुला काचेच्या टाकीतलं पाणी पंचवीस अंशांवर, काटा हलू न देता, धरून ठेवायचं असायचं. तू बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचास, पोत्यात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर. सकाळी सहाला आपण लागायचो, कारण दहाच्या पुढे ऊन खोलीत घुसलं की टाकी ऐकत नसे. एक जण ब्रिजवर, एक जण बर्फाचे खडे सोडायला. डिसेंबरात वेगळीच तऱ्हा. रात्री टेबलावर ठेवलेला स्वच्छ द्राव सकाळी पाहावा तर तळाशी पांढरी पिसं बसलेली. साबणालाही थंडी वाजली म्हणून तू हसायचास आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून बसायचास, ती पिसं विरघळेपर्यंत.

त्यातून तुला ती गोष्ट सापडली. थंडीकडून उन्हाकडे जावं तसं घोळका जमायला लागणारा साबण आधी कमी कमी होत जातो, पंचविसाच्या आसपास तळ गाठतो आणि मग पुन्हा वाढायला लागतो. आलेखावर पसरट वाटीसारखी रेघ. बाहेर कुठे कोणी असं दाखवलं होतं म्हणतात. आपल्या खोलीत, आपल्या बर्फावर, ती तू काढलीस. त्या दिवशी आपण तर्री-पोहे खाल्ले आणि सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊन बसलो. तू खिशातून तो आलेखाचा कागद चारदा काढलास. तुला इतकं खूश मी तुझ्या लग्नातही पाहिलं नाही.

आता ते सांगतो.

आपल्याला मिळायचा तो साबण पिंपातला, कारखान्याचा. बनवताना उरलेलं थोडं लॉरिल अल्कोहोल त्यात राहतंच. ते काढायला तो गरम अल्कोहोलात विरघळवून, गाळून, थंड करून त्याचे स्फटिक पाडायचे, ईथरनं धुवायचे, आणि हे सगळं तीनदा. एकेक फेरीला एक दिवस. सरांचा नियम होता, तीन म्हणजे तीन. ज्या बाटलीवर तू तुझे सगळे आकडे घेतलेस, ती तयार करायचं काम माझ्याकडे होतं. तू बर्फाच्या मागे होतास.

दोन फेऱ्या मी केल्या. भुकटी साखरेसारखी पांढरी दिसत होती. परवान्यावर मिळणारं अल्कोहोल अर्धी बाटली उरलं होतं, आणि कपाटाची किल्ली मागायला सरांकडे जायचं तर ते दहा प्रश्न विचारणार. बाहेर लू चालली होती. आणि दुसऱ्या दिवशी मला अमरावतीला मुलगी पाहायला जायचं होतं. खरं कारण हेच, बाकीची मी नंतर जोडली. मी चिठ्ठीवर 'तीन वेळा' लिहिलं, डिंकानं चिकटवलं आणि घरी जाऊन शर्टाला इस्त्री केली. मुलीनं नकार दिला. हेही तुला कधी नीट सांगितलं नाही. पत्रिका जमली नाही म्हणालो होतो.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी तुझा आलेख पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "शालिक, माल शुद्ध नाही. थंड बाजूची ही चढती रेघ म्हणजे राहिलेल्या अल्कोहोलचा खेळ असणार. पुन्हा साफ कर, पुन्हा आकडे घे, मग बोलू."

मी तिथेच उभा होतो. तीन पावलांवर. माझ्या हातात पिपेट होता, तो मी विनाकारण धुवत राहिलो.

"सर, तीन वेळा साफ केलं आहे," तू म्हणालास. "मधूनं केलं आहे."

"असेल. तरी पुन्हा कर."

आलेख उचलून तू निघालास. बाहेर जिन्यावर तू मला अडवलंस. "काहून पुन्हा? तू सांगतलं का तीनदा केलं, मंग केलं. आता मी पुन्हा करून राहिलो म्हंजे तू खोटा बोलला असं मी लेखी देऊन राहिलो, नाई का?"

"कर ना बे, काय जातं," असं मी म्हणालो. अर्ध्या आवाजात, जमिनीकडे बघत. माझ्या मनात होतं की तू चिडून तरी करशील आणि मी वाचेन.

तेव्हा तू मला ती शाळेची गोष्ट सांगितलीस. धम्मदीक्षेनंतरचं ते पहिलं नाहीतर दुसरं वर्ष. तुला गणितात पैकीच्या पैकी मिळाले आणि हेडमास्तरांना ते पटेना. त्यांनी तुला समोर बसवून पेपर पुन्हा सोडवायला लावला. तू सोडवलास. पुन्हा तेवढेच मार्क. मग ते म्हणाले, आता वेगळा पेपर काढतो, तिसऱ्यांदा बस. तुझ्या बाबांनी तुझा हात धरला आणि तुला वर्गातून बाहेर नेलं. "बाबा म्हने, दोनदा पुरे. ज्याले भरोसा नाई ठेवाचा त्याले शंभर वेळा दाखवून बी नाई दिसत. तवापासून मी ठरवलं गा मधू. माह्या मानसाच्या शब्दावर मी कधी दुसऱ्यांदा तपासणी लावनार नाई."

मी तुझा माणूस होतो. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. शालिक, दोनच झाले रे, माझ्या अंगात आळस होता. तू दोन शिव्या घातल्या असत्यास, पाठीत एक रट्टा घातला असतास, आणि उद्या सकाळी बर्फ आणायला निघाला असतास. एवढंच झालं असतं. पण तू 'माह्या मानसाच्या' म्हणालास आणि माझी जीभच उचलेना. इतक्या मोठ्या विश्वासाला लायक नाही हे सांगण्यापेक्षा मी गप्प राहणं पसंत केलं.

तू आकडे पुन्हा घेतले नाहीस. सरांनी ते प्रकरण स्वीकारलं नाही. सहा महिने ती ओढाताण चालली, मग तुला कॉलेजात नोकरी लागली आणि प्रबंध तुझ्या ट्रंकेत गेला. माझा पूर्ण झाला. माझे ब्युटेनॉलचे निम्मे आकडे तू घेतलेले, आणि त्यातला साबण मात्र मी, लाज वाटून, नव्यानं, नीट तीनदा साफ केलेला. आभाराच्या पानावर मी तुझं नाव घातलं. तू पेढे घेऊन आलास आणि तेव्हापासून मला 'डाक्टर' म्हणायला लागलास. चिडवायला म्हणायचास. मला ते प्रत्येक वेळी लागायचं.

भांडणं मात्र आपली चालू राहिली, आणि त्यासाठी मी तुझा ऋणी आहे. घोळक्यावर जास्त हुकमत कोणाची, तापमानाची की अल्कोहोलची, यावर आपण दोन पोरांच्या बारशात आणि माझ्या वडिलांच्या आजारपणातसुद्धा भांडलो. "तुह्या अल्कोहोलले बाहेरून यावं लागते," तू म्हणायचास. "गरमी तं अंदरच असते." मी म्हणायचो की थेंबभर पुरतो. थेंबभर पुरतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? हे बोलून मी चहाच्या कपात बघायचो.

जानेवारीत तुझ्या किडन्या थकल्या आणि तुला धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी अकरा दिवस रोज येत होतो. रोज घरून ठरवून निघायचो. नवव्या दिवशी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. तुझे पाय सुजले होते. मी सुरुवात केली, "शालिक, ती बाटली होती ना. तीन वेळावाली."

तू डोळे उघडलेस. "जाऊ दे गा आता," म्हणालास. "सर बी म्हातारे झाले. त्यांच्यावर राग नाई माहा." आणि माझा हात थोपटलास. तू मला समजावत होतास! तुला वाटलं, मी तुझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल बोलतोय. मी पुढचं वाक्य जुळवत होतो तेवढ्यात नर्स आली, आणि खरं सांगतो, ती आली म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

ती बाटली घरी आणली त्या रात्री उघडली नाही. सोमवारी कॉलेजात नेली. पंधरा पावसाळ्यांत भुकटीचा दगड झाला होता. खलात कुटली. आधीच्या दोन फेऱ्या मी मोजल्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून तीन केल्या. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी पाठ इतकी दुखत होती की स्टुलावर बसूनच गाळत राहिलो. मग आठवडाभर आकडे घेतले. आता आपोआप चालणारी टाकी आहे, बर्फ लागत नाही, नवा मीटर थेट आकडा दाखवतो. कोणाशी बोलावं लागत नाही. फार कंटाळवाणं काम झालं आहे ते, शालिक.

ऐक. तुझी वाटी जागेवर आहे. आकडे सगळेच थोडे वर सरकले, म्हणजे सरांना वाटलेलं ते अल्कोहोल खरंच होतं आणि सगळी रेघ खाली ओढत होतं. पण तळ तिथेच आहे. पंचविसाच्या आसपास, तू म्हणाला होतास तिथेच. थंड बाजूची ती चढती रेघ खरी आहे. सरही खरे होते आणि तूही खरा होतास. खोटा त्या खोलीत एकटा मी होतो.

मी दोन्ही आलेख एका कागदावर काढले, तुझा पेन्सिलीनं आणि आताचा शाईनं, आणि काल रविवारी हुडकेश्वरला गेलो. वहिनींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मुलगी पाहायला गेलो होतो तेही. शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं, अशी माझी तयारी होती. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यांनी कागद हातात घेतला आणि तुझ्या पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजे यांचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मले याच्यातलं काही समजत नाई, भाऊजी. पन बाटली फेकून द्या म्हटलं का हे म्हनत, राहू दे. मी म्हनो, पुन्हा कराचं मनात आहे तं करून टाका नं एकदाचं, काहून उरावर घेऊन बसले? तं म्हनत, मी कसा करू, मी केलं तं मधूवर संशय घेतल्यासारखं होते. मधू एखाद दिवशी सोताच येईन अन् म्हनन, चाल शालिक, पुन्हा करू. तवा लागन ते बाटली."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि तुझ्या फोटोमागे ठेवली. मग चहा ठेवायला उठल्या.

मी म्हणायचे ते चारच शब्द होते, शालिक. त्यात कबुलीसुद्धा द्यावी लागली नसती.